‘बघू जरा फोन’ म्हटलं की काय करायचं?

पत्र:

नमस्कार. आम्ही पलूस तालुक्यातले. चार एकर ऊस, दोन म्हशी. हे दरवर्षी ऊसदराच्या आंदोलनात असतात. गेल्या महिन्यात मंत्र्यांचा दौरा होता. त्याच्या आदल्या सकाळी गोपनीयचे हवालदार घरी आले. ‘१६८ ची नोटीस आहे’ म्हणून एका कागदावर यांची सही घेतली आणि कागद परत नेला. मग ‘बघू जरा फोन’ म्हणाले, तर यांनी लॉक काढून हातात दिला. पंधरा मिनिटं व्हॉट्सॲप वर-खाली करून बघितलं, स्वतःच्या मोबाईलवर फोटोही काढले. घरातल्या तिघांच्या आधार कार्डांचे फोटो घेतले. सासरे ६७ वर्षांचे आहेत, त्यांना ‘जबाबाला ठाण्यात या’ असं तोंडी सांगून गेले. तेव्हापासून यांच्या फोनवर खरखर येते, फोन तापतो. शेजारी म्हणतात टॅप झालाय. पुतण्या म्हणतो व्हीपीएन टाका. माझ्या फोनमध्ये बचत गटातल्या बायकांचे आधार, पासबुकं सगळं आहे, त्याची धास्ती वाटते. भरीला ग्रामपंचायतीचा नवा कॅमेरा आमच्या परड्याकडे तोंड करून बसवलाय आणि तिथंच आमची न्हाणी आहे. हे म्हणतात, आपण चोरी केली नाही, मग लपवायचं काय? तुम्हीच सांगा काय करू.

उत्तर:

ताई,

आधी ती खरखर मनातून काढून टाका. टॅप झालेल्या फोनवर आवाज येत नाही. लँडलाइनच्या काळात वायरीला वायर जोडायचे तेव्हा कधीमधी खट्ट व्हायचं, ती आठवण लोकांच्या डोक्यातून अजून गेलेली नाही. आता संभाषणाची प्रत मोबाईल कंपनीच्या यंत्रणेतच निघते. हँडसेटला त्याचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे तो तापतही नाही. खरखर बहुतेक वेळा रेंजची असते. रेंज कमी असली की टॉवर गाठायला फोन जास्त जोर लावतो आणि गरम होतो. बॅटरी जुनी होऊन फुगली आहे का, तेवढं दुकानात दाखवा.

तापण्याचं आणखी एक कारण असू शकतं आणि ते तपासलंच पाहिजे. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावांच्या एपीके फायली, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फायली, व्हॉट्सॲपवर फिरतात. त्यातली एखादी यांनी उघडली असेल तर मेसेज आणि ओटीपी वाचणारं ॲप आत बसलेलं असतं. हे काम सरकारचं नाही, भामट्यांचं. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’ ही दोन ठिकाणं उघडा. अनोळखी ॲपला परवानगी दिसली तर आधी परवानगी बंद करा, मग ॲप काढा. उलट क्रमानं गेलात तर ‘अनइन्स्टॉल’ दाबूनही ते निघत नाही आणि लोक फोन बिघडला म्हणून गप्प बसतात. फोन ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ही पाहा. तिथं परका नंबर असेल तर तुमचे कॉल तिकडे वळतायत, तो काढून टाका.

टॅपिंगचा हुकूम कोण काढतं हे कळलं की निम्मी भीती जाते. १८८५ च्या तार कायद्याच्या जागी आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे आणि टॅपिंगचे नवे नियम डिसेंबर २०२४ मध्ये आले. राज्यात हा हुकूम गृह विभागाच्या सचिवांचा लागतो. तो एका वेळी ६० दिवस चालतो आणि वाढवत नेला तरी एकूण १८० दिवसांच्या पुढे जात नाही. अगदी तातडी असली तर पोलीस खात्यातला वरिष्ठ अधिकारी सुरुवात करू शकतो, पण तो महानिरीक्षक दर्जाच्या खालचा चालत नाही आणि त्यालाही कामकाजाच्या सात दिवसांत वरून मंजुरी मिळवावी लागते. हवालदार सोडा, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षकसुद्धा आपल्या सहीनं टॅपिंग सुरू करू शकत नाहीत. हुकूम काढायलाही सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता असं कारण दाखवावं लागतं. तसं कारण नव्हतं म्हणून मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये विनीत कुमार खटल्यात सीबीआयसाठी काढलेले टॅपिंगचे हुकूम रद्द केले होते.

कायद्यातली मोठी उणीवही सांगून ठेवतो. टॅपिंग झालं होतं हे संबंधित माणसाला नंतरही कळवायची तरतूद नाही. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कुणी ‘टॅप आहे का बघून देतो, पाचशे रुपये’ म्हणालं तर उठून या. त्याला ते दिसूच शकत नाही.

एका फोनवर कान लावायचा म्हणजे माणसं बसवायची, पाळ्या लावायच्या. सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदींची यादी, मात्र कंपनीकडून मेलवर येते, म्हणून जिल्हा पातळीवरच्या तपासात तीच सगळ्यात जास्त वापरली जाते. पोलीस अधीक्षकांच्या पातळीवरून कंपनीकडे मागणी जाते. त्यात कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, किती वाजता, किती सेकंद, हँडसेटचा आयएमईआय (ओळख क्रमांक) कोणता आणि कुठल्या टॉवरखाली, एवढं येतं. काय बोललात ते येत नाही. व्हॉट्सॲप कॉल त्यात दिसत नाही, पण त्या वेळी इंटरनेट वापरलं होतं हे वेगळ्या नोंदीत दिसतं. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. आपल्याकडे टॉवर लांब-लांब असतात, तेव्हा सीडीआरवरून शिवार कळतं, घर कळत नाही. ‘तुमचं लोकेशन मोर्चाच्या जागी दाखवतंय’ असं कुणी दरडावलं तर हे ध्यानात असू द्या. त्याच टॉवरखाली बाजारही भरतो आणि दवाखानाही असतो.

पण त्या सकाळी तुमच्या घरी यातलं काहीच लागलं नाही. यांनी लॉक काढून फोन हातात दिला आणि गृह सचिवांच्या सहीनंही मिळालं नसतं ते पंधरा मिनिटांत मिळालं. त्यात बायकोशी झालेलं बोलणं आलं, डॉक्टरांचे रिपोर्ट आले, ग्रुपमधल्या दोनशे जणांचे नंबर आले.

त्या नोटिशीचं आधी बघू. १६८ म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १४९. दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून पोलिसांनी आधीच हस्तक्षेप करावा, एवढाच त्याचा अर्थ. मोर्चा, दौरा, गळीत हंगाम तोंडावर आला की कार्यकर्त्यांना अशा नोटिसा ढिगानं निघतात. त्यानं माणूस आरोपी होत नाही आणि फोन तपासायचा अधिकार तर त्यातून मुळीच मिळत नाही. चूक एवढीच झाली की सही करून कागद परत दिला. सही करायला हरकत नाही, पण सहीखाली तारीख आणि वेळ लिहायची आणि एक प्रत ठेवून घ्यायची. झेरॉक्स नसेल तर आपल्या मोबाईलवर फोटो. प्रत देत नसतील तर सहीच्या वर ‘प्रत मिळाली नाही’ असं लिहायचं. या तीन शब्दांनी पुष्कळदा प्रत लगेच निघते.

फोन मागितला तर काय म्हणायचं, तेही यांच्याकडून दोनदा म्हणवून घ्या, ऐन वेळी सुचत नाही: ‘साहेब, लेखी नोटीस द्या. फोन पाहिजे असेल तर पंचनामा करून जप्त करा, मी आडवा येत नाही. मी माझ्या हातानं उघडून देणार नाही, वकिलांशी बोलून सांगतो.’ आवाज चढवायचा नाही, फोन हिसकावून घ्यायचा नाही, दारात आडवं उभं राहायचं नाही. तसं केलं की सरकारी कामात अडथळा, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ३५३, आताचं न्याय संहितेचं १३२ लागतं. ते अजामीनपात्र आहे आणि मग मूळ विषय बाजूलाच राहतो.

पासवर्ड द्यायची सक्ती करता येते का, यावर देशभर लागू होईल असा शेवटचा निकाल अजून आलेला नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये म्हटलं की माणूस नकार देत असेल तर पोलिसांनी न्यायालयाकडे जावं, मात्र पासवर्ड सांगणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं होत नाही. दिल्लीतल्या सीबीआय न्यायालयानं २०२२ मध्ये पासवर्डची सक्ती करता येत नाही असं धरलं. दोन्हींतून तुमच्या कामाचं एवढंच निघतं की अंगणात उभं राहून तोंडी मागितल्यावर देण्याची ही गोष्ट नाही. बोटाच्या ठशानं उघडणारा फोन बोट धरून उघडता येतो, म्हणून ठसा आणि चेहरा बंद करून सहा आकडी किंवा त्याहून लांब पिन ठेवा. पॅटर्न नको, काचेवर बोटाची रेघ उमटलेली दिसते. लॉक असताना स्क्रीनवर मेसेज वाचता येतात तेही सेटिंग्जमधून बंद करा.

फोन खरोखर जप्त झाला तर सगळा जीव पंचनाम्यात असतो. त्यात काय लिहिलंय ते वाचून घ्या: कंपनी, मॉडेल, रंग, दोन्ही आयएमईआय (*#०६# दाबलं की दिसतात, आत्ताच वहीत लिहून ठेवा), सिमचे नंबर, मेमरी कार्ड, फोन चालू होता की बंद, काच फुटकी होती की धड. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं आता व्हिडिओ चित्रण सक्तीचं आहे, १ जुलै २०२४ पासून. पोलीस ते मोबाईलवरच करतात. चित्रण होत नसेल तर तसं बोलून दाखवा आणि पंचांसमोर लिहायला सांगा. फोन पाकिटात घालून लाखेनं सील झाला पाहिजे आणि सीलवर पंचांच्या सह्या पाहिजेत. हॅश व्हॅल्यूची मागणी करा. ती म्हणजे फोनमधल्या माहितीवरून गणितानं काढलेला एक लांबलचक क्रमांक. नंतर आत एक अक्षर जरी घातलं तरी तो बदलतो. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो लिहावाच लागतो. ठाण्यात चार दिवस उघडा पडून राहिलेल्या फोनमध्ये पाचव्या दिवशी काही ‘सापडलं’, तर वकिलाला बोट ठेवायला हीच जागा असते.

जप्त फोन वर्षानुवर्षं मुद्देमालाच्या खोलीत पडू द्यायचा नसतो. तालुक्याच्या फौजदारी न्यायालयात कलम ५०३ किंवा ४९७ खाली अर्ज करून तो सुपूर्तनाम्यावर, म्हणजे हमीपत्र लिहून देऊन, परत मागता येतो. मुद्देमाल गरजेपेक्षा जास्त, म्हणजे पंधरा दिवस ते महिन्याच्या पुढे अडकवून ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितलंय. वकील तो दाखला जोडतात.

एक काम मात्र चुकूनही करू नका. नोटीस आल्यावर किंवा गुन्हा दाखल झाल्याचं कळल्यावर घाबरून चॅट पुसायचे नाहीत. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा लागतो आणि मूळ प्रकरणात काही नसलं तरी तो चिकटतो. साफसफाई करायची ती शांत दिवसांत, सवय म्हणून. ग्रुपवर ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ सात किंवा नव्वद दिवसांवर लावून ठेवलं की ते आपोआप होतं.

आता झालेल्या गोष्टीचं. स्वतःहून लॉक काढून दिल्यामुळे ‘संमती होती’ असं म्हणायला त्यांना जागा आहे. तरी आजच एका कागदावर सगळं लिहून काढा: तारीख, वेळ, कोण आले, बक्कल नंबर दिसला असेल तर तो, कशाचे फोटो घेतले, कोण शेजारी हजर होते. मग ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांना साधं पत्र लिहा, प्रत पोलीस अधीक्षक, सांगली यांना. आरोप नको, मागणी लिहा: नोटिशीची प्रत मिळावी आणि फोनचे, आधारचे फोटो कोणत्या कलमाखाली घेतले ते कळवावं. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा. त्याआधी यांच्या व्हॉट्सॲपवर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहा. पंधरा मिनिटं परक्या हातात राहिलेल्या फोनचं हे पहिलं तपासायचं. दुसरा कुठला संगणक जोडलेला दिसला तर त्यावर दाबून लॉग आउट करा. पोलिसांवर संशय घ्या असं म्हणत नाही. गावोगावी ‘माझं व्हॉट्सॲप कुणीतरी वाचतंय’ म्हणणाऱ्यांच्या फोनमध्ये बहुधा हीच भानगड निघते: ई-सेवा केंद्रात प्रिंट काढायला क्यूआर स्कॅन केला आणि बाहेर पडताना लॉग आउट केलं नाही. ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिनही लावून टाका.

सासऱ्यांना तोंडी निरोपावर पाठवू नका. साक्षीदार म्हणून बोलवायचं तर कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो. साठ वर्षांवरच्या माणसाला, कुठल्याही वयाच्या बाईला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि अपंग किंवा फार आजारी असलेल्या माणसाला राहत्या घराबाहेर हजर व्हायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन विचारायचं. म्हणजे ही सवलत तुम्हालाही आहे. तपासात दिलेल्या जबाबाखाली साक्षीदाराची सही घ्यायची नसते, कायदाच तसा आहे. तरी सह्या घेतल्या जातात, तर आधी पूर्ण वाचा, कोऱ्या जागेवर रेघ मारा. सासरे हौसेनं जाणारच म्हणत असतील तर सोबत कुणीतरी जा आणि आत गेल्याची, बाहेर पडल्याची वेळ टिपून ठेवा. परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण १८ महिने ठेवायला सांगितलंय. वेळ अचूक असली की ते चित्रण मागता येतं.

आधारच्या फोटोंबद्दल. सरकारला तुमचा आधार क्रमांक आधीच माहीत आहे, ती काळजी नको. आधार प्राधिकरणाकडची ओळखीची माहिती पोलिसांना हवी असेल तर त्यांना उच्च न्यायालयाचा आदेश आणावा लागतो, आणि बोटांचे ठसे तर तेवढ्यावरही मिळत नाहीत. धोका आहे तो फोटो एखाद्याच्या खासगी मोबाईलमध्ये पडून राहण्याचा. तिथून तो कुठंही जाऊ शकतो. म्हणून एमआधार ॲपवर तिघांचं ‘बायोमेट्रिक लॉक’ करा, म्हणजे अंगठ्यावर बँकेतून पैसे काढायची वाट बंद. अडचण अशी की रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवरही मग अंगठा चालत नाही आणि दुकानदार ‘सर्व्हर डाउन’ म्हणून परत पाठवतो. दुकानात जायच्या आधी ॲपवरून काही मिनिटांपुरतं उघडायचं, ते आपोआप पुन्हा बंद होतं. त्याच ॲपमध्ये गेल्या सहा महिन्यांत आधार कुठं कुठं वापरलं गेलं ते दिसतं, महिन्यातून एकदा नजर टाका. संचार साथी संकेतस्थळावर नंबर टाकला की आपल्या नावावर किती सिम आहेत तेही कळतं. एका माणसाला नऊपर्यंत परवानगी आहे, आणि आपलं नसलेलं तिथूनच ‘माझं नाही’ म्हणून कळवता येतं. संचार साथीचं ॲपही आहे, ते प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्यायचा आदेश सरकारनं नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस काढला होता, ओरड झाल्यावर आठवड्याच्या आत सक्ती मागे घेतली. ॲप नको असेल तर संकेतस्थळावर तेच काम होतं. शेतकरी ओळख क्रमांक काढताना सीएससीवाल्यानं घाईत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला नाही ना, एवढं विचारून घ्या.

बचत गटाच्या कागदांची तुमची धास्ती मात्र अगदी रास्त आहे, किंबहुना पत्रातली सगळ्यात शहाणी काळजी ती आहे. दहा-बारा बायकांचे आधार आणि पासबुकं एका गॅलरीत, आणि गुगल फोटोजवर त्याची नक्कल. प्रत्येकीकडून ‘मास्क्ड आधार’ घ्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. ते चालत नसेल तर झेरॉक्सवर तिरकं लिहा, ‘फक्त गट कर्जासाठी’, बँकेचं नाव आणि तारीख. ते अक्षर आकड्यांवरून गेलं पाहिजे, कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. कर्ज मंजूर झालं की फोनमधले फोटो काढा, रिकामी करायची ती ‘ट्रॅश’सुद्धा. कागद कपाटात राहू देत.

‘लपवायचं काय?’ या यांच्या प्रश्नाचं उत्तरही याच गॅलरीत आहे. लपवायचं काही नसेल, पण फोन एकट्या माणसाचा कुठं असतो? तुमच्या फोनमध्ये गटातल्या बायका आहेत, यांच्या फोनमध्ये पुतणीच्या स्थळांचे बायोडेटा आहेत, ग्रुपमधला तो पोरगा आहे ज्यानं रागाच्या भरात एक वाक्य लिहिलं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तो अशाच सगळ्यांसाठी. बहिर्जी नाईकांची समाधी आपल्याच जिल्ह्यात, बाणूरगडावर आहे. राज्यकर्त्याला हेरखातं लागतं, यात वाद नाही. फक्त लोकशाहीत त्या नजरेला कुणाची तरी सही लागते आणि ती सही मागणं हा उद्धटपणा होत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यावर फार विसंबू नका, त्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची वाट ठेवलेली आहे.

ग्रुपचं थोडक्यात. व्हॉट्सॲपचे मेसेज वाटेत वाचता येत नाहीत हे खरं, पण दोनशे जणांच्या ग्रुपमधला एक जण स्क्रीनशॉट काढतो तेव्हा त्या कुलपाचा काही उपयोग नसतो. तिथं लिहिलेलं ठाण्यात पोचतं असंच धरून लिहावं. हे ॲडमिन असतील तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन म्हणून गुन्हा लागत नाही, असं नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय. तरी वातावरण तापलेलं असताना ‘ओन्ली ॲडमिन्स’ करून ठेवा, म्हणजे फक्त ॲडमिनलाच लिहिता येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून दंगल झाली, तेव्हा अख्ख्या सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं होतं.

व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून वळवणारं ॲप. त्यानं तुमचा यातला एकही प्रश्न सुटत नाही. सीडीआर तसाच राहतो, हातात दिलेला फोन तसाच उघडतो. फुकटचं व्हीपीएन तर तुमचीच माहिती विकून चालतं. पुतण्याला सांगा, त्यापेक्षा आजोबांच्या फोनला पिन लावून दे.

राहिला कॅमेरा, आणि इथं गप्प बसायचं काहीच कारण नाही. रस्त्यावर, चावडीपुढं कॅमेरा असायला हरकत नाही. बाईच्या न्हाणीवर रोखलेला कॅमेरा हा न्याय संहितेच्या कलम ७७ च्या, म्हणजे बाईला चोरून पाहण्या-टिपण्याच्या गुन्ह्याच्या, हद्दीत जाऊ शकतो. आधी तंट्यानं नको, अर्जानं करा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला लिहा की कॅमेऱ्याची दिशा बदलावी, किंवा दिशा बदलता येत नसेल तर डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या पेटीत) ‘प्रायव्हसी मास्क’ लावून परड्याचा भाग काळा करावा. ही सोय बहुतेक सगळ्या डीव्हीआरच्या सेटिंग्जमध्ये असते, पाच मिनिटांचं काम आहे. ‘कंपनीचा माणूस यायला लागेल’ असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मास्क लावल्यावर सरपंचांच्या टेबलावर स्क्रीन स्वतः पाहून या, कारण काही वेळा तो फक्त थेट चित्रावर लावला जातो आणि रेकॉर्डिंगमध्ये परडं दिसतच राहतं. चित्रण किती दिवस राहतं याचा अंदाज तुम्हीच काढू शकता: दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा दिवसाला साधारण वीस-बावीस जीबी खातो, चार कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असेल तर अकरा-बारा दिवसांत जुनं पुसून नवं चढतं. आणखी दोन गोष्टी विचारा: कुणाकुणाच्या मोबाईलवर हा कॅमेरा दिसतो, आणि डीव्हीआरचा पासवर्ड बसवताना होता तोच आहे का. गावातल्या कॅमेऱ्यांची खरी पडझड तिथंच असते. बसवणारा, शिपाई, माजी सरपंच, सगळ्यांच्या फोनवर ॲप चालू असतं आणि कुणी मोजलेलं नसतं.

अर्जाला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. ग्रामपंचायतीला कॅमेऱ्याच्या ठरावाची प्रत आणि पासवर्ड असलेल्यांची यादी मागा. पोलीस ठाण्याला त्या दिवशीच्या स्टेशन डायरीतली तुमच्या घरच्या भेटीची नोंद मागा. तपास चालू असल्याचं सांगून नाकारतील, तर तपासाला नेमका काय अडथळा येईल ते लिहून द्या म्हणा, नुसतं कलम लिहून भागत नाही. दोन्ही अर्ज वेगळे करा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि सुमारे दीडशे शब्द अशी मर्यादा आहे, एकत्र केलेत तर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यासाठी वेगळा अर्ज करा म्हणू शकतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील. वकील लागलाच तर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही, म्हणून अर्ज तुमच्या नावानं करा. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या जिल्ह्याचं काम कोल्हापूरला चालतं, मुंबई गाठायला नको. माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.